मला रिकामं व्हायचं होतं

“डॉक्टर, ही गोळी खाल्ली की माणूस खोटंखोटं हसायला लागतो का?”

चैताली आणि शुभांगी या मैत्रिणींनी पैज लावली होती, की वेदिका हे विचारूच शकणार नाही. आणि तिने विचारलं! नाशिकच्या दवाखान्यात, आईपप्पांसमोर, अगदी ताठ बसून. मित्रांनो, मी तेव्हा डॉक्टर मॅडमच्या टेबलावर होते. मी एक गोळ्यांची स्ट्रिप आहे. आता जुनी, कोपरे दुमडलेली. तेव्हा मात्र नवी कोरी होते. खालच्या मेडिकलमधून आम्हा तिघी बहिणींना घेऊन ते तिघं दाखवायला वर आले होते.

मॅडम हसल्या नाहीत. “चांगलं विचारलंस. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. ते म्हणजे हसू नव्हे. ‘ऊठ, कर, त्यात गोडी आहे’ असं आतून ढकलतं ते. नैराश्यात हे ढकलणं कमी पडतं. तुझी आई आळशी नाहीये, तिला उठायचं बळच मिळत नाहीये. आधीच्या गोळीने रडू थांबलं, पण सुस्ती राहिली, म्हणून बदलली. ही काही नवं डोपामिन बनवत नाही, आहे तेच जरा जास्त वेळ टिकू देते. आठवडे लागतील. आणि बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही. मला विचारायचं.”

“पैज जिंकले!” वेदिका गाडीत ओरडली.

मग मी पिंपळगावजवळच्या द्राक्षबागेतल्या घरात राहायला आले. रोज सकाळी कट्ट आवाज व्हायचा आणि माझ्या एखाद्या बहिणीचं एक घर रिकामं व्हायचं. आधी काहीच घडलं नाही. मग एके दिवशी वेदिकाच्या आईने, उज्वलाताईंनी, स्वतःहून वेणी घातली. पुढे त्या डबा घेऊन बागेत गेल्या. एकदा तर वेदिकाला पसाऱ्यावरून चांगलं फैलावर घेतलं, तर ही पोरगी टाळ्या पिटत नाचली! “आई, तू भांडलीस! किती दिवसांनी भांडलीस गं!”

शेजारच्या सखुबाई म्हणाल्या, “उज्वला, लय टवटवीत दिसती बाई.” दोघी बहिणी रिकाम्या होऊन गेल्या. माझी पाळी आली, दोन-तीन घरं फुटली. आणि नेमकी बागेची तोडणी जवळ आली.

वेदिकाचे पप्पा, सोमनाथराव, वाईट नाहीत हं. ते बागेत मुरलेले. तोडणी जवळ आली की फवारणी थांबवायची, नाहीतर औषधाचा अंश मण्यात राहतो आणि एक्स्पोर्टवाला माल नाकारतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. वेदिका शाळेत असताना त्यांनी मला उचललं.

“रोग गेला ना? मग फवारणी बंद. उगं अंगात रेसिड्यू नको.”

उज्वलाताईही हसल्या. मी फ्रिजवर जाऊन पडले.

पहिले काही दिवस काहीच बिघडलं नाही. तेच तर भयंकर होतं! सगळ्यांना वाटलं, पप्पांचं बरोबर होतं. मग वेणी घालणं थांबलं. गॅसवर दूध उतू जायचं आणि उज्वलाताई समोर उभ्या राहून नुसत्या बघायच्या. डबा बागेत जाईना. त्या भिंतीला टेकून बसायच्या, ऊन सरकत पायांवरून निघून जायचं, त्या हलायच्या नाहीत. आणि मी वर, जवळजवळ भरलेली! मित्रांनो, स्ट्रिपला रिकामं होण्यातच मान असतो. भरलेली स्ट्रिप धूळ खायला लागली, की समजा घरात काहीतरी विझतंय. आणि मला तर साधी हाकही मारता येत नाही. म्हणून हात जोडून सांगते, आम्हाला मनाने सुरू करू नका, मनाने बंद करू नका.

काल संध्याकाळी चार्जर शोधताना वेदिकाचा हात मला लागला.

“ही भरलेली कशी काय? आई?”

उज्वलाताईंनी मान वर केली नाही. सोमनाथराव म्हणाले, “अगं, बरी झाली व्हती म्हणून मीच... थकली असंल. उद्या तोडणी हे, मजूर सांगून ठेवलेत. मग बघू.”

वेदिकाने माझ्यावरची धूळ फ्रॉकला पुसली. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“आई, पप्पा, माझं ठरलंय. उद्या सकाळी मी आईला घेऊन मॅडमकडे जाणार. पप्पा, तुम्ही आलात तर गाडीने. नाही आलात, तर आम्ही दोघी एसटीने.”