झुवैनाच्या छतातला जिन

अस्रची, दुपार कलल्यावरची, नमाज आटोपून बायका जिन बघायला जमल्या, तेव्हा झुवैनाच्या दारात चपला ठेवायला जागा उरली नव्हती. ओमानच्या सीब शहरातल्या त्या नव्या इमारतीची लिफ्ट तासाभरात चौथ्या मजल्यावर जेवढ्या वेळा आली, तेवढी महिन्याभरात आली नसेल.

"ओरडतो म्हणे?"

"ओरडतो कसला, किंचाळतो! माझ्या दाढेतली चांदी हलली."

"मग जवळ बसू या. आणि तो हलवा इकडे सरकव."

झुवैनाची सून मुझ्ना स्वयंपाकघरात कहवा ओतत होती. तिची कपड्यांची पेटी दाराशी बांधून ठेवलेली होती. तिला माहेरी, बहलाला, नेणारी गाडी मगरिबनंतर, दिवस मावळल्यावर, यायची होती. नवरा हिलाल वाळवंटात तेलविहिरीवर कामाला. तो परत येईपर्यंत सून घरात राहिलेली असेल की नाही, हे या बैठकीत ठरणार होतं.

चाळीस दिवसांपूर्वी लग्न होऊन ती या घरात आली. त्याच आठवड्यात जुनं घर सोडून सगळे या इमारतीत राहायला आले. पाहुणे उठायच्या वेळी झुवैना रिवाजाप्रमाणे ऊद जाळून धूपदाणी फिरवायची, आणि बैठकीच्या छतातून जिवाच्या आकांताने कुणीतरी किंचाळायचं. सून नवी होती, घरही नवं होतं. पण बोटं वळली ती सुनेकडे. घराकडे कुणाचंच बोट गेलं नाही.

"जादूटोण्याच्या बहलाची पोर," बायका कुजबुजायच्या. "पेटीतून काय घेऊन आली, कोण जाणे!"

मग मुअल्लिम सुवैलिम आला. उतारे करणारा, दाढीला मेंदी, बोटांत चार अंगठ्या. जिन सुनेच्या पेटीतून आला, असं निदान त्याने पहिल्याच भेटीत केलं होतं. आज त्याचा खेळ शेवटचा.

"बाहेर ये, हे सात समुद्रांच्या तळाशी राहणाऱ्या बिनशेपटीच्या!" तो गरजला आणि छताच्या मधोमध असलेल्या प्लास्टरच्या नक्षीदार फुलाखाली त्याने धूपदाणी उंच धरली. "तुझा काका मला ओळखतो! तुझ्या मावशीला मी बाटलीत भरलंय!"

उदाचा धूर वर गेला, फुलाच्या जाळीत शिरला, आणि किंचाळी उठली. बायकांनी कान झाकले. एकीने हलव्याची वाटी मात्र सोडली नाही.

"खिडकी उघडा! त्याला वाट द्या!" सुवैलिमने खांद्यावरची शाल गरागरा फिरवली. थोड्या वेळाने आवाज थांबला. "गेला," तो घाम पुसत म्हणाला. "पण परत येईल. त्याचं मूळ त्या पेटीत आहे. पेटी आणि पेटीवाली, दोघी बाहेर."

मुझ्ना दारात येऊन उभी राहिली. मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. तिचा आवाज मुळात हळू.

"अम्मा, गाडीला अजून वेळ आहे. जाण्याआधी मी त्याला एकदा विचारू?"

"कुणाला गं?"

"जिनाला."

झुवैनाचे डोळे भरून आले होते. ती वाईट बाई नव्हती, घाबरलेली होती. "विचार बाई," ती म्हणाली.

आज सकाळी मुझ्नाच्या हातून तव्यावरची रोटी करपली आणि धूर बैठकीत गेला होता. घरात ऊद नव्हता, पाहुणे नव्हते, तरी जिन किंचाळला होता. आणि काल स्वयंपाकघराचं दार लावून किंगफिश तळताना धुराने डोळे चुरचुरले, तिथे मात्र तो गप्प होता. तिने स्टुलावर चढून फुलाच्या जाळीतून पाहिलं, तर आत लाल ठिपका लुकलुकत होता. सासूला सांगितलं, तर सुवैलिमने उत्तर तयारच ठेवलेलं: "जिनाचा डोळा लालच असतो."

आता तिने मुद्दाम एक रोटी करपवली आणि धुरणारा तवा फुलाखाली धरला. किंचाळी उठली.

"मुअल्लिम, याला ऊद सोसत नाही म्हणालात. रोटीशी काय वैर?"

"भुकेला आहे," सुवैलिम म्हणाला.

"आणि स्वयंपाकघरात का येत नाही?"

"तिथे मीठ, लोखंड, सुऱ्या! पाऊल ठेवेल तर जळून खाक होईल. लिहून देतो!"

"मग या माझ्याबरोबर."

स्वयंपाकघराच्या छताला एक पांढरी बशी उघडीच बसवलेली होती. मुझ्नाने केस वाळवायचा ड्रायर आणला आणि स्टुलावर चढून गरम वारा त्या बशीवर सोडला. धुराचा मागमूस नव्हता. थोड्याच वेळात बशी भोंग्यासारखी बोंबलू लागली.

"आला!" मागून एकजण म्हणाली. "केस वाळवायला आला!"

बायका हसत सुटल्या. पण बैठकीतला जिन अजून ओरडत होता, आता हा दुसरा. आणि तेवढ्यात वर, खाली, शेजारी, जिकडून तिकडून किंचाळ्या फुटल्या. सहाही मजल्यांवर जिनच जिन. बायका जागच्या जागी थिजल्या.

एकटा सुवैलिम थिजला नाही. त्याने जोडे उचलले, समोर उघड्या असलेल्या लिफ्टकडे पाहिलंही नाही, आणि अनवाणी पायऱ्यांनी खाली पळाला.

तिसऱ्या मजल्यावर इमारतीचा रखवालदार करीमबक्ष धावत वर येत होता. दोघे एकमेकांवर आदळले.

"सुवैलिम? अरे, तू इथे? याच इमारतीची छतं लावताना आमच्यासोबत कामाला होतास ना!"

मुझ्ना वरून कठड्यापाशी आली. "मुअल्लिम, आम्ही जिनाला घाबरून जागीच राहिलो. तुम्ही मात्र आगीचा इशारा ऐकावा तसे लिफ्ट सोडून पायऱ्यांनी निघालात. तुम्हाला हा आवाज कसला ते कसं कळलं?"

सुवैलिम जोडे छातीशी धरून उरलेल्या पायऱ्या उतरला.

आवाज बंद करून करीमबक्षने छतातलं फूल उतरवलं. आत तशीच पांढरी बशी. "हा जिन नाही, आगीचा इशारा देणारं यंत्र आहे," तो म्हणाला. "बैठकीतलं धूर ओळखतं. आत उजेडाचा बारीक झोत असतो, धूर शिरला की तो विखुरतो. स्वयंपाकघरातलं धुराकडे बघतच नाही, नाहीतर रोज मासळी तळताना बोंब झाली असती. ते फक्त उष्णता ओळखतं. भोंगा दोघांच्या पोटातच. एक ओरडलं तर ती खोली, दोन ओरडली तर सगळी इमारत."

"आणि हे फुलाआड कुणी लपवलं?" मुझ्नाने विचारलं.

"शोभेसाठी. सुवैलिमनेच बसवलं होतं."

 झुवैनाने गाडीवाल्याला फोन लावला. "येऊ नकोस बाबा. माझी सून कुठेही जात नाही." तिने स्वतः पेटी उचलून आत नेली, आणि मुझ्नाचा हात धरून म्हणाली, "मी अल्लाहचं नाव घेत होते गं, पण ऐकत होते त्या मेंदीवाल्याचं."

बायांनो, ऊद जरूर जाळा, नमाज चुकवू नका, श्रद्धा सोडायला कुणी सांगत नाही. पण ज्याने कान दिले, त्यानेच विचार करायची बुद्धीही दिली आहे. ती मुअल्लिमाच्या झोळीत टाकू नका. हे यंत्र फुलाआड झाकू नका, त्यावर फडकं बांधू नका. खरी आग लागेल त्या दिवशी तेच तुमच्या लेकरांना उठवेल. आणि छतातून आवाज आला, तर आधी छताकडे बघा. सुनेकडे नको.