हवालदारांची घंटा

पलटण हलली, तोफा गेल्या. समुद्रकाठच्या टेकाडावर उरली दगडी बराक, अंगणातली पितळी घंटा आणि ती वाजवणारे हवालदार. पुढे त्यांच्या मुलाने ती बराक चालवायला घेतली आणि सुटीला येणाऱ्यांसाठी खोल्या केल्या. तोफांच्या झरोक्यांना काचा बसल्या. कोठारात जेवणाची टेबलं आली. 'दारूकोठार' ही जुनी पाटी वाचून आशेने आत शिरणाऱ्यांच्या हातात सूनबाई मुकाट्याने सरबताचा पेला ठेवी.

हवालदारांचं वेळापत्रक मात्र तसूभरही हललं नाही. रोज उजाडताना दाढी करायची, बूट चढवायचे आणि घंटेची दोरी ओढायची. उठायला आता शिपाई नव्हते, पाहुणे होते.

एक बाई उशी काखेत मारूनच तक्रार करायला आल्या, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, लोक इथं झोपायला येतात हो. अशानं खोल्या ओस पडतील."

"माझी ड्यूटी कधी चुकली नाही."

"पण नोकरी संपली ना, बाबा."

बोलली ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. हवालदारांनी दोरी सोडून उशाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आता आपण असलो काय नि नसलो काय, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. सुनेने दार उघडलं. पुढे पिठाच्या हातांनी पाववाला, मागे जाळं तसंच टाकून आलेले मासेमार, अर्धी वेणी घातलेली शाळेची बाई. खालची अख्खी गल्ली धापा टाकत टेकाड चढून आली होती.

"कधी गेले काका?" पाववाल्याने विचारलं.

"कुठे गेले?"

"आज घंटा झाली नाही ना."

एवढ्यात हवालदार लेंग्यावरच बाहेर आले. पाववाला पायरीवर मटकन बसला आणि रडायलाच लागला. "काका, तुमच्या घंटेवर मी पाव बाहेर काढतो. आज सगळी भट्टी करपली."

हवालदारांचे डोळे भरून आले. सुनेने मोठ्या पातेल्यात चहा टाकला. गलका ऐकून उशीवाल्या बाईही आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "याच्यापेक्षा ती घंटा परवडली."

सून सासऱ्यांजवळ गेली. "बाबा, दोरी कुठे ठेवलीत?"

"थांब," हवालदार गालावरून हात फिरवत म्हणाले. "आधी दाढी करतो."