स्वभावोक्ती

आठवीच्या मराठीच्या नव्या पुस्तकात बाईंच्या धाकट्या भावाची कविता आली, पण त्यांनी शाळेत पेढे वाटले नाहीत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, घरचा कवी आणि शिकवणारीही घरचीच! दुधात साखर."

कविता आईच्या शेवटच्या आजारावर होती.

"भेगांत तिच्या तळव्यांच्या तेल मुरवत बसलो मी,
पाणी मागितलं नाही तिनं, नुसतं पाहिलं माझ्याकडे."

तेल बाईंनी मुरवलं होतं. आईची कूस बदलून, पाठीच्या जखमा पुसून त्यांचे हात सोलवटले होते. भाऊ मधूनमधून यायचा, तो उंबऱ्यातच रुमाल नाकाला लावून उभा राहायचा. "ताई, औषधाच्या वासानं मला मळमळतं गं." आई गेली त्या दुपारी फोनवर हुंदके देत बाईंनीच सांगितलं होतं, की पाणीसुद्धा मागितलं नाही रे तिनं, नुसतं पाहिलं माझ्याकडे. त्यानं एक अक्षर सांडू दिलं नव्हतं.

बाईंनी फोन लावला. "तू कुठे होतास रे तेव्हा?"

"ताई, कवितेतला 'मी' म्हणजे कवी नसतो. अलंकार शिकवतेस आणि एवढं मी सांगायचं तुला?"

"मग तो 'मी' कोण?"

"कोणीही. तू समज हवं तर." आणि तो हसला.

वर्गात ती कविता घ्यायची वेळ आली. बाईंनी उपमा फळ्यावर समजावली, रूपक समजावलं. मग स्वाध्यायातला प्रश्न वाचला: या ओळींतला अलंकार ओळखा. उत्तर पुस्तकाच्या मागेच छापलेलं होतं. स्वभावोक्ती. जे जसं घडलं, तसंच हुबेहूब सांगणं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "बाई, हे खरंच असं घडलंय, हे कशावरून?"

जिभेवर आलेलं बाईंनी गिळलं. सांगितलं असतं, तर पोरींनी घरी जाऊन काय सांगितलं असतं? बाईंना भावाचं बघवत नाही. घरोघरी हेच झालं असतं.

"पुस्तकात दिलंय म्हणून," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

वर्षाच्या अखेरीस भाऊ पाहुणा म्हणून शाळेत आला. शाल घेतली, भरल्या गळ्यानं कविता म्हटली. मुली रडल्या. ओळख करून द्यायचं काम बाईंकडेच होतं, आणि ते त्यांनी नीट केलं.

त्याला गेटपर्यंत सोडून त्या परतल्या. स्टाफरूममध्ये एकट्या बसून आईचे पाय आठवू लागल्या. कितीतरी वेळ आठवत राहिल्या. पण त्या तळव्यांवर आता त्याचेच हात दिसत होते.