ग्रहण सुटेपर्यंत

वैभवनं ओसरीवर कोहळं ठेवलं, त्याच्या मागे लिंबू धरलं आणि पुढून टॉर्च लावला. लिंबू अंधारात गेलं. आर्वीच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा आणि घरातल्या माणसांनाही सहावीतली ढ पोरंच समजायचा.

“पाह्य आई. टॉर्च सूर्य, कोहळं पृथ्वी, लिंबू चंद्र. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, झालं गिरान. याच्यासाठी अंकिताले खोलीत कोंडाची काय गरज?”

गोपिकाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

“मंग दर पुनवेले काऊन नाई पडत?”

“चंद्राची वाट तिरपी हाय. बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाईतं खालून निंगून जाते. तुले नाई समजनार.”

उद्याच्या बाजाराची मेथी ढीगभर पडली होती. आठवा महिना लागलेली त्याची बायको अंकिता सकाळपासून आत आडवी होती. गरोदर बाईनं ग्रहणात चिरायचं, बांधायचं नसतं, असं सासूनं बजावलं होतं. वैभवला हा निव्वळ अडाणीपणा वाटत होता. स्वतः जुडीला हात लावणं मात्र त्याच्या विज्ञानात बसत नव्हतं.

चंद्र ग्रासलेलाच उगवला आणि सव्वासहाच्या सुमारास मोकळा झाला. वैभव गच्चीवरून खाली आला.

“सुटलं. उठव तिले. दोन घंटे बसन तं होऊन जाईन मेथी.”

गोपिकाबाई उठल्या आणि खोलीच्या दारात आडव्या बसल्या.

“नाई सुटलं.”

आतून अंकिताच्या घोरण्याचा आवाज आला. वैभव हसला.

“गिरानात झोपत नाई म्हनते, अन् हे घोरून राह्यली. तुमचं शास्तर तरी धड पाळा. सांग, कवा सुटते तुह्यं गिरान?”

पोटच्या पोराचा त्यांना संताप आला, पण आवाज चढला नाही. त्यांनी कनवटीतून कागदाची घडी काढली. पंधरा दिवसांपूर्वी अंकिताला तपासून आणल्यावर वैभवनं खिशात कोंबलेला डॉक्टरांचा कागद. धुण्यात सापडल्यावर गोपिकाबाईंनी तो औषधवाल्याकडून वाचून घेतला होता.

“यात लिवलं हाय. तू शिकेल हायस. वाच.”

वैभवनं टॉर्च लावला. ‘बाळंतपणापर्यंत पूर्ण विश्रांती’ या शब्दांखाली डॉक्टरांनी दोनदा रेघ ओढली होती. त्यानं ते एकदाच वाचलं आणि टॉर्च बंद केला.

गोपिकाबाईंनी सुतळीचा गुंडा त्याच्याकडे सरकवला.