मोज्यांचा तिसरा जोड

नदीच्या पाण्याची पातळी मोजायचं काम आमच्या ह्यांचं. बावीस वर्षं झाली. रोज सकाळी काठावरच्या ओल्या पायऱ्या उतरायच्या, तिथंच दोन तास उभं राहायचं आणि मोजपट्टीवरचा आकडा वहीत लिहीत राहायचं. थंडीत तिथला गारठा गमबुटातून थेट हाडात शिरतो.

यंदा ह्यांचे पाय गार पडायला लागले तशी मी लोकरीचे मोजे विणले. एक जोड पुरेना म्हणून दुसरा, आणि मग चांगला जाड तिसरा. आता घरात मांजर तेवढं उघड्या पायांनी फिरतंय, असं हे म्हणाले.

तिन्ही जोड चढवल्यावर पाय काही गमबुटात जाईना. मी रोज खाली बसून, दोन्ही हातांनी रेटून तो बसवून द्यायची. चार दिवसांनी विचारलं, तर म्हणाले, गार अजिबात लागत नाही. मला कोण आनंद.

परवा संध्याकाळी मी मोजे काढले, तर डाव्या पायाची शेवटची दोन बोटं काळीनिळी. मी ती दाबून पाहिली. हे पेपर वाचत राहिले.

दवाखान्यात नर्सबाईंनी ह्यांना डोळे मिटायला लावले. हातात नायलॉनचा बारीक तंतू घेतला आणि सांगितलं, टोचल्यासारखं झालं की हो म्हणायचं. ह्यांना साखरेचा त्रास जुना. पायांची जाणीव गेली असेल तर नदीवर जाणं बंद, एवढं ह्यांना पक्कं ठाऊक होतं.

"हो," हे म्हणाले. थोडं थांबून पुन्हा, "हो." अगदी ठरावीक अंतरानं.

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तंतू हवेतच होता.

"हो."

"अहो," मी म्हणाले, "त्यांनी अजून हात लावलेला नाही."

ह्यांनी डोळे काही उघडले नाहीत.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. बुटात पायाला हलायला जागा हवी, घट्ट आवळलं की रक्तच पोचत नाही. मोज्यांचा एकच जोड, ओला झाला की बदलायचा, बूट एक नंबर मोठा. बोटं राहतात की जातात ते आठवड्यानं कळेल. मी माझ्या हातांकडे बघत बसले.

घरी आलो. जेवणानंतर त्यांनी पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि आपणहून डोळे मिटले.

"लाव बघू हात."

मी टाचेला बोट लावलं.

"हो."

तळव्याच्या मध्यावर.

"हो."

मी हळूहळू पुढे सरकले. बोटांच्या अलीकडे हे गप्प झाले. मी बोट तिथंच ठेवून थांबले.

"काढलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.