भूषणची मिशी

आमच्या घराण्यात बिनमिशीचा पुरुष झाला नाही. होळकरांच्या फौजेत होते तेव्हापासूनच्या सगळ्यांच्या तसबिरी भिंतीवर आहेत, येऊन बघा. एकटा माझा भूषण सफाचट. मी बोलले की म्हणायचा, "आईसाहेब, मिशी बघून दुश्मन पळत नाही."

गेल्या वर्षी लढाईत तो गेला. कॉलनीवाल्यांनी चौकात त्याचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं. पोलोग्राउंड भागातल्या कारखान्यात संजीव मूर्तिकार मातीचा नमुना करत होता. मी कुणाला न विचारता त्याला सांगून आले, "मिशी लाव. पीळदार, ह्याच्या वडिलांसारखी." वर ह्यांचा, जयसिंगरावांचा, फोटोही दिला.

मातीवरून साचा घ्यायच्या आदल्या दिवशी सून पूर्वा आणि सात वर्षांची नात पलक, दोघींना दाखवायला घेऊन गेले. माझीच हौस.

पलकने पुतळ्याभोवती चक्कर मारली. "आजी, हे कोण आहेत?"

"कोण म्हणजे? तुझे बाबा!"

"नाही. हे भिंतीवरचे आजोबा आहेत."

पूर्वा माझ्यापुढे बोलतच नाही. मी बोलू देत नाही म्हणा. तिने नुसती मान खाली घातली. मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. हे पोर रोज त्या चौकातून शाळेत जाणार आणि तिला बाप दिसणार नाही. माझ्यामुळे.

"काढ रे ती मिशी."

"पण माँजी, आपणच तर बोलला होतात..."

"बोलले होते. आता काढ म्हणते. कान नाहीत का तुला?"

त्याने माती खरवडली. तोंडाची जागा सपाट झाली. "ओठ कसा होता? फोटोत तर भूषण भिया एकदम टाइट बसलेत."

मी सांगायला तोंड उघडलं. मला आठवत होता तो अंगावर पिणाऱ्या पोराचा ओठ. सतराव्या वर्षी फौजेत गेलेल्या, सुट्टीपुरत्या येणाऱ्या त्या माणसाचं तोंड मी नीट बघितलंच नव्हतं. आला की मिशीवरून भांडायचे, बस.

"पूर्वा," मी म्हटलं, "तू सांग."

तिने हात ओला केला. अंगठ्याने ओठाची डावी कड जराशी उचलली. थांबली. पुन्हा उचलली.

"असा," ती संजीवला म्हणाली. "हसू दाबायचे तेव्हा."

ते नवराबायकोमधलं होतं, मी बघायचं नव्हतं. पण मला नजर काढवेना.