पहिला हात

“पप्पा, तुमची लेक कोन? रोहिणी का मी?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून साउंडच्या दुकानात पाऊल टाकताच ज्ञानेश्वरीनं विचारून टाकलं. दारात दोघीतिघी खिदळल्या. कल्याणरावांच्या दातांत वायरचं साल होतं. ते थुंकून म्हणाले,

“दोघीबी. ती पकड दे इकडं.”

पकड रोहिणीनं आधीच पुढं केली होती. हेच ते! आत्या न् तिचे मालक आण्णा ऊसतोडीला गेले, की त्यांची ही लेक पाथर्डीत मामाकडं राहायची. आटलेल्या बोअरमधून काढलेली मोटारीची जुनी केबल कापायची, तिला थ्री-पिन जोडायची, की झाली ॲम्प्लिफायरची कॉर्ड तयार. “आमच्या रोहिणीच्या हातची हाय,” असं पप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, तेव्हा ज्ञानेश्वरी दुकानातून उठून बाहेर जायची.

म्हणून तिनंही गुपचूप एक कॉर्ड केली होती. स्क्रू आवळता आवळता बोटाला फोड आला. शाळेच्या गॅदरिंगला हीच लागणार, असं वर्गात सांगूनही मोकळी झाली होती.

दुकानाचा नियम एकच. कॉर्ड मीटरवर तपासायची, मग ती लावून, करंट उतरतो का ते बघायला, ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला पहिला हात ज्यानं बनवली त्याचा. तोही उलटा, शॉक बसलाच तर चिकटायला नको.

रोहिणीनं आपली कॉर्ड तपासली, लावली, हाताची पालथी बाजू पत्र्याला टेकवली, मान डोलावली. पप्पांनी वर पाहिलंही नाही.

आता ज्ञानेश्वरी. तिनं झोकात बाही सरसावली, दाराकडं एक नजर टाकली. तेवढ्यात पप्पांनी तिचा हात बाजूला सारला. कॉर्ड पुन्हा मीटरवर धरली, पिन खोलून आत पाहिलं, आणि स्वतःच पत्र्याला हात लावला.

“हाय बरुबर.”

दारात पुन्हा खिदळणं. तिचे कान तापले.

संध्याकाळी ओट्यावर दोघी केबल गुंडाळत बसल्या.

“तुज्यावर लई भरवसा हाय पप्पांचा,” ज्ञानेश्वरी फणकारली. “माज्यावर न्हाई.”

“तुज्या कॉर्डला मामानं हात लावला ना?”

“मग?”

“माज्या कॉर्डला कदीच न्हाई लावला.” रोहिणीनं वेटोळ्याला गाठ मारली. “आण्णा हितं असते, तर त्यांनी लावला असता.”

ज्ञानेश्वरीच्या हातातली केबल सुटून ओट्यावर उलगडत गेली.

जेवताना आईनं रोहिणीच्या ताटात भाकरी टाकली. ज्ञानेश्वरी अजून कालवणाकडंच बघत होती.

“जेव की गं. काय झालं?” पप्पा म्हणाले.

“आई, तू पन ऐक. मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्यापासून रोहिणीच्या कॉर्डला पहिला हात पप्पा लावनार. माज्या कॉर्डला मी.”